अरुंद चाकं

घाटंजीजवळच्या त्या गावातल्या बैलजोड्या एकेक करून बाजाराला गेल्या, तशी जहीरच्या ट्रॅक्टरची मागणी वाढत गेली. कापसाची ती वर्षंच तशी होती. बोंड भरत नव्हतं, चारा पुरत नव्हता. बैल विकून आलेला माणूस जहीरच्या ओट्यावर येऊन नुसता बसायचा आणि उठता उठता विचारायचा, "माह्या वावरात कधी येतं?"

जहीर सगळ्यांना हो म्हणायचा. नाही म्हणायचं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं. काळ्या मातीत ट्रॅक्टर सारखा फसायचा, म्हणून त्यानं मागं रुंद टायर बसवून घेतले होते. नांगरटीला ते उत्तम चालत. वजन पसरायचं, चाक घसरायचं नाही. पण उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, दोन ओळींच्या मधून गवत काढायला ते कामाचे नव्हते. चाकापेक्षा वाट लहान पडायची.

हे त्यानं रुक्माबाईला सांगितलं. रुक्माबाई एकटी होती. तिचा एक बैल उन्हाळ्यात मेला, तेव्हा दुसराही तिनं देऊन टाकला. त्या वर्षी श्रावणात झड लागली आणि निंदायला बाया मिळाल्या नाहीत. तिच्या वावरात पऱ्हाटी गुडघ्याएवढी आणि गवत त्याहून उंच झालं.

"काकू, चाकं रुंद हायत. झाडं चेपतीन," जहीर म्हणाला.

"मंग जुनी लाव ना. फेकली थोडीच असतीन?"

जुनी अरुंद चाकं गोठ्यामागं पडली होती. जहीरनं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्याची कंबर आधीच दुखायला लागली. पण झड उघडली त्या दिवशी त्यानं जॅक लावला. त्याची बायको खैरुनबी पान्यावर पाय देऊन उभी राहिली, तेव्हा कुठे गंजलेले नट सुटले. चाकं बसवताना रिम उलटी करून दोन्ही चाकांमधलं अंतर ओळींना जुळवावं लागलं. दिवस त्यातच गेला.

"वाळू द्या ना जी अजून दोन दिवस," खैरुनबी म्हणाली.

"पुन्हा पाणी आलं तं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रुक्माबाईच्या वावरात उतरला. वरच्या बाजूची जमीन उताराची, पाणी धरून न ठेवणारी. तिथं अरुंद चाकं ओळींच्या मधून अलगद गेली. झाडाला धक्का लागला नाही. मागं जोडलेल्या फाळांनी गवत उपटून पडत गेलं. रुक्माबाई ट्रॅक्टरच्या मागून चालत होती, झडीनं आडवी पडलेली झाडं पायानं माती लोटून उभी करत होती. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा जरा सैल झाला होता.

खालचा भाग नाल्याला लागून होता. जहीर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, थांबला.

"इथं ओल हाय, काकू. ही चाकं चाकूवानी आत जातीन."

"अर्धंच करतं का मंग?"

तो आत शिरला. थोडं पुढं गेला आणि मागचं डावं चाक जागच्या जागी फिरू लागलं. त्यानं गिअर बदलला, मागं घ्यायला गेला. चाक आणखी खाली गेलं. चाकातली हवा कमी करून पाहिली. टायर जरासा पसरला, पण तोवर मागचा आस चिखलावर टेकला होता. इंजिन बंद करून तो स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. त्याला राग आला नव्हता. फक्त खाली उतरावंसं वाटत नव्हतं.

"दगड-गिगड हाय का कुठं?" शेवटी त्यानं विचारलं.

त्या काळ्या वावरात दगड कुठला असणार? रुक्माबाईनं इकडं तिकडं पाहिलं. मग ती वाकली आणि पुढ्यातलं पऱ्हाटीचं झाड मुळासकट उपटलं. त्याला पात्या, बोंडाआधीच्या कळ्या, धरल्या होत्या, एक पिवळं फूलही होतं. तिनं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं.

"काकू, काय करून राह्यल्या?"

"तू काय पाहून राह्यला? चाकाखाली टाक."

जहीर उतरला. दोघांनी मिळून एक अख्खी ओळ उपटली, हातांनी चिखल उकरला आणि झाडं चाकाखाली दाबून बसवली. ट्रॅक्टर सुरू झाला, चाकाला पकड मिळाली आणि तो हिसका देऊन मागं निघाला. मागून आणखी दोन ओळी भुईसपाट झाल्या. रुक्माबाई कोपरापर्यंत चिखलानं माखलेली, बाजूला उभी राहून पाहत होती.

"खालचं राहू दे," ती म्हणाली.

खालचं राहिलं. गवतानं ते गिळलं. वरच्या भागात मात्र दिवाळीनंतर कापूस फुटला, चांगला फुटला, आणि रुक्माबाईनं तो एकटीनंच वेचला.

उन्हाळ्यात जहीरनं रुंद चाकं पुन्हा चढवली आणि तिचं वावर नांगरायला घेतलं. नाल्याकडं, चाक जिथं गरगर फिरलं होतं तिथं, माती दबून दगडासारखी झाली होती. नांगर वरून सरकून गेला. त्यानं फिरून दोनदा घातला. मग उतरून धुऱ्यावर बसला. रुक्माबाईनं पाण्याचा लोटा आणून दिला.

"माती फुगंन ना पावसानं?" तिनं विचारलं.

"फुगंन. पण दोन-तीन पावसाळे लागतीन."

"लागू दे."

तिनं रिकामा लोटा घेतला आणि घराकडं निघाली. जहीर मग उठला. पलीकडच्या वावरातला माणूस सकाळपासून त्याची वाट पाहत उभा होता.