अंगणातली जागा

थिन्हकाकांना आता घरी न्यायचं, असं त्यांच्या थोरल्या मुलानं, क्वीनं, अतिदक्षता विभागाच्या दारातच जाहीर केलं. घर झाडून झालं होतं, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर पलंग मांडला होता, गाडीवाल्याशी बोलणं झालं होतं. सोबत नर्स कोण येणार, एवढंच ठरायचं बाकी होतं.

"तूच चल, मिएन," क्वी म्हणाला. "घरचीच आहेस. बाबांचा शेवटचा श्वास घरात सुटू दे."

मिएन त्याची चुलत बहीण आणि याच विभागातली नर्स. हे काम तिला नवं नव्हतं. नाम दिन्ह प्रांतातल्या त्या सरकारी दवाखान्यातून कुणी ना कुणी आपलं माणूस असं मागून नेतच असे. नळी घशात तशीच ठेवायची, रबरी फुगा हातानं दाबत श्वास देत राहायचा, गाडी खड्ड्यांतून हाकायची आणि माणूस उंबरठ्याच्या आत आलं की नळी काढायची. मग ते घरातच वारलं, असं मानलं जाई. वाटेत गेलं तर बाहेरचं झालं, आणि बाहेर मेलेलं माणूस आत आणलं की घराला पीडा लागते, म्हणून त्याला अंगणातच ठेवायचं. काही घरांत रडणाऱ्या पोरांकडे बघून वडीलधारे डोळेझाक करत. थिन्हकाका घराण्याचे कर्ते. त्यांनी कधी केली नाही.

मिएन शाळेत होती तेव्हा तिची आई सेन बाजारात बदकाची अंडी विकता विकता कोसळली आणि दवाखान्याच्या वाटेवर, नदीच्या बांधावरच गेली. नवरा, काकांचा भाऊ, आधीच गेलेला. ज्या घरात तिनं जन्मभर सगळ्यांचा भात शिजवला, त्याच घराच्या दारात काका दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले. "अंगणात," एवढंच म्हणाले. मग डुकरांच्या गोठ्याशेजारी निळी ताडपत्री बांधली, खाली फळी टाकली. मिएन ताडाचा पंखा घेऊन आईच्या तोंडावरच्या माश्या हाकलत बसली. गाव येत होतं, बघत होतं, नाकाला रुमाल लावत होतं. त्या माश्या मिएन विसरली नव्हती. विसरायचं तिच्या मनातही नव्हतं.

डॉक्टर बाखनी त्या सकाळीच सांगितलं होतं की रक्तात जंतू पसरलेत, मूत्रपिंडं बंद पडलीत, रक्तदाब औषधाच्या टेकूवर उभा आहे. घरच्यांनी न्यायचं म्हटलं तर अडवू नका, ठेवायचं म्हटलं तर उपचार चालू ठेवू.

"दादा, घाई करू नका," मिएन म्हणाली. "आशा आहे."

"डॉक्टर तर म्हणाले..."

"डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात. काकांच्या उशाशी मी असते. उद्या लोक म्हणायला नकोत, पोरांना बापाला मारायची भारी घाई."

क्वीच्या वर्मी लागलं. गाडी परत गेली.

धादांत खोटं बोलली होती ती. म्हातारा इथंच मरावा, या करकरणाऱ्या लोखंडी पलंगावर, अनोळखी माणसांच्या खोकल्यांत, एवढंच तिला हवं होतं. मग बघू, दारात हात लावून कोण उभं राहतं ते. ताडपत्री कुठे बांधायची, हेसुद्धा तिनं मनात ठरवून ठेवलं.

उपचारांत मात्र तिनं तसूभर कसूर केली नाही. तोंड पुसलं, कूस बदलून दिली, औषधं वेळेवर दिली. उद्या कुणी बोट दाखवायला नको होतं, आणि हे मरण तिला निर्मळ हवं होतं, आपोआप पिकून पडलेलं.

दुसऱ्या दुपारी ते पडलंच. पडद्यावरची रेघ सपाट झाली. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती वेळ समोर येऊन उभी राहिली, आणि मिएनला काही कळायच्या आत तिचे हात काकांच्या छातीवर पडले होते. ती दाबत राहिली. तळव्याखाली बरगडी मोडल्याचं तिला कळलं. बाख धावत आले, इंजेक्शन दिलं, ती दाबतच राहिली. अखेर रेघ पुन्हा नाचू लागली. "शाबास," डॉक्टर म्हणाले. मिएन मोरीवर जाऊन कितीतरी वेळ हात धूत उभी राहिली आणि त्या हातांना तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या.

त्यानंतर म्हातारा इरेला पेटल्यासारखा सुधारत गेला. लघवी सुरू झाली, औषधाचा टेकू निघाला, नळी निघाली. क्वीनं तिचे दोन्ही हात धरून डोळ्यांत पाणी आणलं. मिएननं बाबांना दुसरा जन्म दिला, असं गावभर झालं. जो येईल तो तिच्या हातात पपनस ठेवून जाई. तिला एकही फोड गोड लागली नाही.

निघायच्या दिवशी काकांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "छाती का गं दुखते इतकी?"

मिएन सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात थांबली. बऱ्याच दिवसांनी तिला मनापासून हसू आलं.

"घरी गेल्यावर सांगते, काका."

घरी अख्खं गाव जमलं होतं. कोंबड्या शिजल्या होत्या, चिकट भाताची ताटं मांडली होती. पोरांनी काकांना खुर्चीसकट उचललं. मिएन पुढे झाली, दारात गेली आणि दोन्ही हात चौकटीला लावून वळली.

"काकांचं हृदय दवाखान्यात बंद पडलं होतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "श्वास नाही, नाडी नाही. काका मेले होते. छाती दुखते ती मी दाबून परत आणलं म्हणून. डॉक्टरांना विचारा. बाहेर मेलेलं माणूस आत येत नाही."

"मिएन, बस कर," क्वी म्हणाला.

"मी कोण सांगणारी, दादा? आत कोण येतं न् कोण नाही, हे नेहमी काकाच सांगतात. त्यांनाच विचारा."

कुणी हसलं नाही. दोन-तीन म्हाताऱ्या खुर्चीपासून मागे सरकल्या. पोरांचे हात भरून आले, म्हणून त्यांनी खुर्ची सावलीला टेकवली. सावली होती ती गोठ्याशेजारीच. काकांच्या ओठांवर माशी बसली. हाकलायला त्यांचा हात उठेना.

"मी जिवंत आहे," ते पुटपुटले.

"आत्ता आहात. मेलात ते बाहेरच."

काकांनी खालच्या जमिनीकडे पाहिलं, मग जमलेल्या गावाकडे. सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते, कारण असला निवाडा आजवर त्यांनीच दिला होता. नियम खरा, तर ते बाहेर. खोटा, तर सेनची ताडपत्री खोटी.

"सेनला..." काकांच्या नळीनं सोललेल्या घशातून कसाबसा आवाज निघाला, "सेनला आत घेता आलं असतं."

"मोठ्यानं बोला, काका. मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्यांनी बरगडीवर हात दाबून पुन्हा सांगितलं. या वेळी कुंपणापर्यंत ऐकू गेलं.

मिएननं चौकटीवरचे हात काढले नाहीत.

"अजून एकदा," ती म्हणाली.