कडेचा बाण

“हा कॉम्प्युटर कोण वापरतं?” विभागप्रमुख लीलाधर सरांनी विचारलं.

“कोकिळा मॅडम,” वना म्हणाला.

कोकिळा मॅडमना जाऊन दीड महिना झाला होता. शोकसभेत सरच सगळ्यात जास्त वेळ बोलले होते.

“सोमवारी तपासणी समिती येतेय. खोली मोकळी हवी. बंद कर ते.”

“मॅडमनं गणित चालू शे, सर. चार दिन बाकी शेतस. आते बंद करं ते बठ्ठं पहिलेपाईन करनं पडी.”

“आणि ते सगळं पुन्हा पहिल्यापासून करणार कोण?”

वनाने पाण्याची बादली उचलली. तो प्रयोगशाळेचा परिचर. सव्वीस वर्षं लोहचुंबक पुसून कपाटात ठेवणं हे त्याचं विज्ञान. शेवटच्या उपचारांना जाताना मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या, “कूलरमध्ये पाणी घालत राहा. मशीन तापू देऊ नको.” जळगावचा मे महिना. वना दर तासाला बादली आणत होता.

पडद्यावर लोखंडाचा एक कण होता, डोळ्याला कधीच न दिसणारा. त्याच्या प्रत्येक अणूचा एक बाण, त्या अणूच्या चुंबकत्वाची दिशा दाखवणारा. कण तापलेला असताना बाण वाटेल तिकडे तोंड करून. गणितात तो हळूहळू थंड केला की एका दिशेला वळायचे. “घाई केली तर जिथल्या तिथे अडकतात,” मॅडम सांगायच्या. कडेचा एक बाण त्यांनी केशरी केला होता. “हा तू.”

“मी कडले कसाले, मॅडम?”

“कडेच्याला शेजारी कमी. तो सगळ्यांच्या शेवटी वळतो.”

बायको गेल्यापासून पिंप्राळ्याच्या घरात वना एकटाच राहत होता. त्याने वाद घातला नाही.

शुक्रवारी त्याने शोकसभेतला मॅडमचा फोटो आणून मशीनवर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली. शनिवारी सर वायर काढायला शिपाई घेऊन आले, थबकले, चप्पल काढून हात जोडून परत गेले. सोमवारी समितीनेही हात जोडले.

“यांचं संशोधन कशावर होतं?” एकाने विचारलं.

“फार प्रेरणादायी होतं,” सर म्हणाले.

त्याच दुपारी साडेतीनला पडद्यावरचा उरलेल्या वेळाचा आकडा शून्यावर आला. सगळे बाण वर तोंड करून उभे होते. केशरी अजून जरा कललेला होता. वना वाट पाहत राहिला. बाण तेवढाच कललेला राहिला.

मग पडद्यावर एक ओळ उमटली. मॅडमनी ती आधीच लिहून ठेवली असणार. तरी वना उठून उभा राहिला.

‘झालं, वना. आकडे जपून ठेवलेत. बंद कर. आणि पाणी पी.’

त्याने मशीन बंद केलं. बादलीतलं ग्लासभर पाणी उभ्यानेच प्यायला आणि उरलेलं, सवयीप्रमाणे, कूलरमध्ये ओतलं.