तापलेलं दूध

"आधी ते मोरीत पिळून टाक. मग घे पोरीला," जाईबाई म्हणाली.

भाग्यश्री खांद्यावरची पिशवीही न उतरवता तशीच उभी राहिली. शिक्रापूरच्या कंपनीत ती कामाला होती. तिथंच खोली घेऊन राहायची आणि आठवड्याच्या सुट्टीला पाटसला, सासूकडे ठेवलेल्या लेकीला भेटायला यायची.

"आत्या, भुकेली हाय ती. जुलाब होत्यात म्हणून तर पळत आले."

"उन्हातनं आलीयास. तापल्यालं दूध बाधतं."

सून मोरीत गेली. ऋतिका पाळण्यात निपचित पडली होती. रडतही नव्हती. जाईबाईनं कालपासून तिचं पाणीही तोडलं होतं. पाण्यानं जुलाब वाढतात, असंच ती ऐकत आली होती. भाग्यश्री बाहेर आली. लेकीचे खोल गेलेले डोळे तिनं पाहिले, तिला उचललं आणि सरळ रस्त्याला लागली. जाईबाई मागोमाग निघाली.

दौंडच्या दवाखान्यात सलाईन लागलं. नर्स भाग्यश्रीला म्हणाली, "जुलाबात पाणी बंद करायचं नसतं. आन् अंगावर पाजा. दूध कमी झालं असलं तरी पाजत राहिलं की वाढतं."

"उन्हातनं आल्यावर बी?" जाईबाईनं विचारलं.

"व्हय आजी. आईचं दूध आत तापत न्हाई आन् नासतबी न्हाई."

"रानात खुरपून आल्याल्या बाईचं?"

"कुणाचंबी."

जाईबाई बाकावर बसली. महेंद्रच्या, म्हणजे भाग्यश्रीच्या नवऱ्याच्या, आधी तिला एक मुलगा झाला होता, ज्ञानदेव. एकदा ती खुरपणीवरून आली, पोर रडत होतं म्हणून तसंच पदराखाली घेतलं. त्याला जुलाब लागले. घरच्यांनी पाणी तोडलं. पोर गेलं. तुझ्या तापल्या दुधानं मारलं, असं सासू म्हणाली, मग आळी म्हणाली. जाईबाईनंही ते मानलं. महेंद्रला तिनं भीतभीतच पाजलं.

आता रडू यायला हवं होतं. आलं नाही. समोरच्या भिंतीचा रंग उडाला होता, तिकडे ती बघत राहिली.

ऋतिका वाचली. घरी सोडलं त्या दिवशी महेंद्र न्यायला आला. म्हणाला, "आई, पोरीला घरी नेऊ. ही उद्या ड्युटीला जाईल."

"पोरगी आईसंगं जाईल. मी बी जाते."

"एवढ्याशा खोलीत? आन् हितलं कोण बघंल?"

"तू बघ."

भाग्यश्रीनं सासूकडे पाहिलं आणि लेकीला तिच्या हातात दिलं. जाईबाईनं ज्ञानदेवचं नाव काढलं नाही.

हल्ली जेवणाच्या सुट्टीत ती नातीला घेऊन कंपनीच्या गेटवर जाते. वॉचमन आत सोडत नाही. भाग्यश्री बाहेर येते, कुंपणालगत बसते आणि लेकीला पाजायला घेते. जाईबाई दोघींपुढं पदर पसरून उभी राहते. रस्त्यानं कंटेनर जात असतात, धूळ तोंडावर येते. हात भरून येतात, पण ती पदर खाली येऊ देत नाही.