कुकरमधला ठोकळा

बाईंचं सिमेंट एका दिवसात असं कडक झालं की हातोडीनेच हात टेकावेत. प्रयोगशाळेत नव्या आलेल्या बाईंचं हे पहिलंच मिश्रण. जमिनीतली वाफ वर आणणाऱ्या खोल विहिरीत, लोखंडी नळीभोवती ते भरायचं होतं. त्या विहिरीच्या तोंडाशीच त्यांचा सख्खा धाकटा भाऊ कामाला होता.

"पाठवून देऊ या," बाई म्हणाल्या.

"तीन दिवस थांबा." हे कुकरकाका. नमुने जाड पोलादी भांड्यात, पाण्यात, दाबाखाली दोनशे अंशांवर शिजवायचं काम त्यांचं, म्हणून हे नाव. "खाली असंच तापतं. तिथे तुमचा ठोकळा टिकतो का, बघू."

"काका, तुम्हाला ना, खोट काढायची सवयच आहे!"

भाऊ रोज फोन करून सिमेंटसाठी डोकं खात होता, त्याचा राग काकांवर निघाला. काकांनी ठोकळा भांड्यात ठेवून झाकणाचे बोल्ट आवळले. म्हातारा हटेल तर शपथ!

चौथ्या दिवशी ठोकळा दाबयंत्रात ठेवला. काटा जेमतेम हलला आणि ठोकळा भसकन फुटला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"दळलेली वाळू कुठाय यात?" काकांनी विचारलं.

"मीच काढली. नुसती भर वाटली."

"थंडाव्यात ती नुसती बसूनच असते, बरोबर आहे. पण एवढ्या उष्णतेत सिमेंटमधला चुना तिला धरतो, तेव्हा कुठे पक्का दगड होतो. ती नसेल तर सिमेंट आतून विरतं."

"माझा भाऊ उभा असतो हो तिथे," म्हणताना बाईंना रडूच फुटलं. "तुमचे उपकार कसे फेडू, काका? आणि मी काय वाट्टेल ते बोलले तुम्हाला!"

काकांनी कपाटातून एक जुना, तसाच फुटका ठोकळा काढला. "हे माझं पहिलं मिश्रण."

"तुम्हाला कुणी थांबवलं होतं?"

"कुणीच नाही. विहीर फुटली, माझा जोडीदार गेला. हा नंतर शिजवून पाहिला."

दुपारी बाईंनी वाळू घालून नवं मिश्रण केलं. बोल्ट स्वतः आवळले आणि काका पुन्हा एकदा तपासतील म्हणून बाजूला उभ्या राहिल्या. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, अजून किती दिवस?"

"तीन. आणि सुट्टीला आलास की घरी नंतर ये. आधी काकांना भेट."