सहावा तज्ज्ञ

पाच तज्ज्ञ बोलून झाले होते आणि पाचही जणांनी आपल्या बास्केटबॉल टीमला चार-शून्य असं गाडून टाकलं होतं. मालिका अजून सुरूही व्हायची होती. सात सामन्यांत जो चार जिंकेल तो पुढे, इतका साधा हिशेब. पण टीव्हीवरच्या त्या पाच कोटवाल्यांना सातापर्यंत मोजण्याचीसुद्धा गरज वाटली नव्हती. एक जण तर हसत हसत म्हणाला, "पाचव्या सामन्याची तिकिटं छापू नका, कागद वाया जाईल."

हे सगळं ताईच्या लाँड्रीत बसून पाहिलं गेलं. स्टेडियमच्या मागच्या रस्त्यावर तिचं दुकान. पुढे काउंटर, मागे वाफेची इस्त्री आणि धुलाईची दोन मोठी मशिनं, कोपऱ्यात उंचावर टीव्ही. टीव्ही तिने भावासाठी घेतला होता. तिचा धाकटा भाऊ याच टीमचा एके काळचा कप्तान. गुडघा गेला, खेळ सुटला, मग काही वर्षं कशातच त्याचा जम बसेना. अखेर एका क्रीडा वाहिनीने त्याला तज्ज्ञ म्हणून घेतलं. करार एका हंगामाचा, काम पसंत पडलं तर पुढे. सगळं शहर त्याला कॅप्टन म्हणायचं. ताई म्हणायची बाळ्या. दारातून वाकून आत येणाऱ्या त्या धिप्पाड माणसाला कुणी बाळ्या म्हणतंय हे ऐकून नवं गिऱ्हाईक हमखास हसायचं.

सहावा तज्ज्ञ तोच. त्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती.

दुकानात रोजचे तिघे बसले होते: एक बसड्रायव्हर, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर आणि समोरच्या दवाखान्यातली नर्स. टीम प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, आहे तोवर जर्सी धुवायची नाही असा तिघांचाही हट्ट होता, त्यामुळे भर लाँड्रीत बसूनही त्यांचा वास लपत नव्हता.

"संपलं," ड्रायव्हर म्हणाला. "आता बघायचं तरी कशाला? सुतकात बसल्यासारखं बसायचं नुसतं."

"आकडे बघितले तर त्यांचं फारसं चुकत नाही," मास्तर म्हणाले. "त्यांच्या सेंटरपुढे आपला सेंटर म्हणजे..."

"मास्तर, तुमचे आकडे तुमच्यापाशी ठेवा हो!" नर्स कडाडली. मग एकदम तिचा आवाज उतरला. "हरणार हे काय आपल्याला कळत नाही? इतक्या वर्षांनी इथवर आलोय, तेच खूप झालं. पण पाचांतल्या एकाने तरी आपलं नाव घ्यायचं होतं. एकाने. तोंडदेखलं का होईना."

हार सहन करायची त्यांना सवय होती. खेळायच्या आधीच आपल्याला कुणी खिजगणतीत धरत नाही, हे मात्र तिघांच्याही वर्मी लागलं होतं.

"ताई," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "कॅप्टन तुमच्या शब्दाबाहेर नाही."

"असलं काही मी सांगणार नाही हं," ताई म्हणाली. "त्याचं काम आहे ते. त्याला कळतं काय बोलायचं."

ती बोलली खरी. पण तिघं खाली मान घालून उठले, नर्स जाताना नेहमीसारखं 'येते' म्हणायलाही विसरली, आणि ताईचा जीव राहीना. शटर खाली ओढायच्या आधीच तिने फोन लावला.

"बाळ्या, उद्या काय सांगणार आहेस?"

"दिसतंय ते. चार-शून्य. फारच लाज राखायची म्हटली तर चार-एक."

"आपलं नाव घे."

पलीकडे तो हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "ताई, अगं, मी तिथे फॅन म्हणून बसत नाही. ऐकणाऱ्याला माझं खरं मत हवं असतं."

"पाच जणांनी सांगितलंच आहे ना खरं मत? सहाव्याने नाही सांगितलं तर काय आभाळ कोसळणार आहे? इथे लोकांची तोंडं बघवत नाहीत रे. कधी काही मागितलंय मी तुझ्याकडे?"

हे शेवटचं वाक्य तिने वापरायला नको होतं. आई गेल्यावर याच बाईने लोकांचे कपडे धुऊन त्याला वाढवलं होतं, त्याचे बूट घेतले होते, आणि खरोखरच कधी काही मागितलं नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. अशा माणसाने एकदा मागितलं की समोरच्याला पळायला जागा राहत नाही.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाँड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. कॅप्टन पडद्यावर आला, टेबलाकडे बघत म्हणाला, "माझी जुनी टीम. सात सामन्यांत. चार-तीन." निवेदिका खळखळून हसली. बाकीच्या पाचांनी एकमेकांकडे पाहिलं. पण दुकानात जो काही कल्ला उठला, त्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. ड्रायव्हरने मास्तरांना उचललं. नर्सच्या डोळ्यांना धार लागली. "कॅप्टन उगाच बोलणारा माणूस नाही," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली. "त्याला आतलं काहीतरी माहीत असणार." ताई इस्त्रीमागे उभी राहून हसत होती.

ड्रायव्हरने तर दुसऱ्याच दिवशी डेपोत जाऊन सातव्या सामन्याच्या दिवसाची ड्यूटी बदलून घेतली. बदल्यात दोन रविवार कबूल केले. "सातवा सामना होणारच," तो म्हणाला. "कॅप्टनचा शब्द आहे."

पहिला सामना तीस गुणांनी गेला. दुसऱ्यात आपल्या गार्डला त्यांनी असा जखडला की पोराला मधली रेषा ओलांडताना नाकी नऊ आले. तिसरा घरच्या मैदानावर, तिथे आपण मध्यंतरापर्यंत पुढे होतो, आणि त्या तेवढ्या वेळात नर्सने निदान पन्नास वेळा "बघा, मी म्हटलं नव्हतं?" म्हणून घेतलं. मग समोरच्यांनी खेळायला सुरुवात केली. स्टेडियममधून बाहेर पडणारी माणसं लाँड्रीवरून जाताना एकमेकांशी बोलत नव्हती.

चौथाही हरल्यावर मात्र बोलली. आणि बोलली ती टीमबद्दल नाही, सेंटरबद्दल नाही, कोचबद्दल नाही.

"बाकीचे पाच निदान तोंडावर बोलले," ड्रायव्हर म्हणाला. त्याची मान शरमेने झुकली होती. डेपोत त्याला दिवसभर 'सातवा सामना' म्हणून हाक मारत होते. "आपण मनाची तयारी केली होती. या गृहस्थाने येऊन आशा लावली."

"मोबाइल उघडला की तेच," नर्स म्हणाली. "त्याचं ते चार-तीन. लोक त्याच्या फोटोला माकडाच्या टोप्या घालतायत. आणि आपण त्याच्यावर विसंबलो."

"माझं स्पष्ट मत विचाराल," मास्तर म्हणाले, "तर त्याला वाहिनीनेच पढवलं असणार. एकाने उलट बोलायचं म्हणजे तमाशा रंगतो. पैशासाठी माणूस काय वाटेल ते बोलतो."

"विकला गेला," ड्रायव्हर म्हणाला. "आपलाच माणूस आणि आपल्यालाच विकलं."

ताईच्या हातात कुणाचा तरी पांढरा शर्ट होता. तो तिने गरम इस्त्रीखाली तसाच सोडला आणि बाहेर आली.

"मी सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "कुणी विकत घेतलं नाही माझ्या भावाला. तो चार-शून्यच सांगणार होता. तुम्ही इथे रडत बसला होता, ते मला बघवेना. मी फोन केला. मी गळ घातली. त्याने माझा शब्द राखला. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

मागे शर्ट जळल्याचा वास सुटला. मग नर्स उठली आणि तिने ताईला घट्ट धरलं. मास्तरांनी दोनदा घसा खाकरला. ड्रायव्हर म्हणाला, "चुकलो, ताई. जीभ झडो माझी." त्या दिवशी ताईला शर्टाची भरपाई द्यावी लागणार होती, तरी ती कित्येक दिवसांनी हलक्या मनाने जेवली. भावाच्या अंगावरचा डाग आपण धुतला, असं तिला वाटलं. तिचा धंदाच तो.

ड्रायव्हर मनाने सोनं. त्याला चैन पडेना. आपण कॅप्टनला नको ते बोललो, आता त्याची बाजू आपणच मांडायला हवी, म्हणून त्याने फॅन लोकांच्या पानावर ताईचा शब्द न् शब्द लिहून काढला. कॅप्टनला शिव्या देऊ नका, त्या बिचाऱ्याने बहिणीच्या शब्दाखातर आपलं मत बाजूला ठेवलं, असा भाऊ मिळायला नशीब लागतं, वगैरे. सकाळपर्यंत ते हजारो लोकांनी पुढे पाठवलं होतं. त्याने आनंदाने येऊन ताईला दाखवलं. ताईने चष्मा लावून वाचलं आणि तिलाही भरून आलं.

भावाचा फोन त्यानंतर आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"ताई, लोकांना काय सांगितलंस तू?"

"खरं ते सांगितलं. तुला वाट्टेल तसं बोलत होते रे."

"बोलेनात का. अगं, दरवर्षी कुणीतरी तोंडावर पडतोच. तो कागद वाया जाईल म्हणणारा, तो मागच्या वर्षी सगळ्या मालिकांत चुकला होता. लोक हसले, त्याचा पगार वाढला. चुकलेला माणूस चालतो त्यांना. उलट मजा येते." तो थांबला. "बहिणीने सांगितलं म्हणून बोलणारा चालत नाही. सकाळी बोलावून घेतलं होतं. त्यांचंही बरोबर आहे गं. उद्या मी काहीही म्हटलं तरी ऐकणारा विचारणार, हे कुणी सांगायला लावलं?"

"म्हणजे?"

"काढलं मला."

ताई गप्प बसली असती तर आठवड्याभरात लोक विसरले असते. त्याला वाचवायला म्हणून तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यानेच घात झाला. "मी सांगते सगळ्यांना," ती घाईघाईने म्हणाली, "की मी खोटं बोलले. भावाचं नाव राखायला खोटं बोलले म्हणते. ड्रायव्हरला लिहायला लावते. आत्ताच्या आत्ता."

"नको, ताई. आता कुणाला काही सांगू नकोस."

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू त्या दिवशी फोन केलास, तेव्हा तुला वाटत होतं का, आपण जिंकू म्हणून?"

एवढ्या एका वेळी खोटं बोलली असती तरी तिला कुणी नावं ठेवली नसती. पण सुचलंच नाही.

"नाही रे," ती म्हणाली. "मला कुठलं वाटतंय? कुणालाच वाटत नव्हतं."

"हं," तो म्हणाला. "मी समजत होतो, निदान तुला तरी वाटतंय, जिंकू म्हणून. म्हणून बोललो मी. नाहीतर नसतो बोललो, ताई. तू कितीही मागितलं असतंस तरी."

मग त्याने तिला वेळेवर जेवायला सांगितलं आणि फोन ठेवला.