कोरड्या डोंगरावरची सात वर्षं

मित्रांनो, यार्डाच्या मागच्या भिंतीशी, फुटक्या टायरांच्या शेजारी रंग उडालेली एक पिवळी गाडी उभी आहे. ती मी. मला रिग म्हणतात. जमिनीत खोल, सरळ भोक पाडायचं आणि आतला खडक जसाच्या तसा वर काढून दाखवायचा, हे माझं काम. पूल असो, शाळा असो, बोगदा असो, बांधायच्या आधी मला बोलावतात. वैद्य जशी नाडी बघतो, तशी मी जमिनीची बघते.

माझा जन्म एका ओतकाम कारखान्यात झाला. लोखंडी धड, दोन माणसांएवढा मनोरा आणि पोकळ नळ्यांचा भलामोठा गठ्ठा. नळीच्या टोकाला हिऱ्याच्या कणांचं कडं, तेच माझे दात. हिरे म्हटल्यावर तुमचे डोळे चमकले असतील. पण हे हिरे मोहरीहून बारीक आणि मातकट, चोरानंसुद्धा नाक मुरडावं असे.

मला पहिल्यांदा हाताळलं ते कानसेननं. हे त्याचं खरं नाव नव्हे. माझ्या आवाजावरून खाली काय लागलंय ते तो ओळखायचा, म्हणून टोळीनं ठेवलेलं नाव. एक हात माझ्या दांड्यावर, मान थोडी कललेली, डोळे मिटलेले. "माती संपली. आता मुरूम," असं तो म्हणायचा आणि नळी वर काढली की मुरूमच निघायचा. त्याच्या बायकोचा भाऊ माझा पाण्याचा पंप सांभाळायचा. त्यामुळे सगळी टोळी त्याला मेहुणा म्हणायची. ज्यांची लग्नंसुद्धा झाली नव्हती, तेही!

पाण्याशिवाय माझं पान हलत नसे. मेहुणा पंपानं नळीतून पाणी खाली सोडायचा. ते माझे दात थंड ठेवायचं, दगडाचा चुरा उचलून वर आणायचं आणि धुळीला उडूच द्यायचं नाही. वर आलेलं पाणी कानसेन निरखून बघायचा. तांबूस आलं तर माती, करडं आलं तर पक्का दगड.

एकदा उतारावर शाळा बांधायची होती. चौदा मीटरवर पाणी अचानक वर येईनासं झालं. मेहुण्यानं पिंपामागून पिंप ओतलं. सगळं गडप.

"वेळ नाही," साहेब म्हणाले. हे आमचे इंजिनीअर. "दगड तर लागलाय ना? सलग खडक असं लिहून टाका."

"साहेब, एवढं पाणी जमिनीनं गिळलंय. ते गेलं कुठं, ते आधी बघू," कानसेन शांतपणे म्हणाला.

साहेब कुरकुरले, पण ऐकलं. दोन पावलं बाजूला दुसरं भोक घेतलं, तर माझी नळी हातभर खाली धाडकन कोसळली. दगडाखाली पोकळी होती. शाळेची जागा उताराच्या दुसऱ्या बाजूला हलवली. त्या दिवशी साहेबांनी स्वतः कानसेनला चहा ओतून दिला. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मग आम्हाला डोंगरावर पाठवलं. तिथून बोगदा जायचा होता. झाड नाही, झरा नाही, पाण्याचा टँकर चढायला अर्धा दिवस लागायचा. आणि खडक तर त्याहून अवघड. पांढुरका वाळूचा दगड, मधूनमधून मऊ मातकट थर. पाणी लागलं की त्या थरांचा चिखल होऊन वाहून जायचा. नमुन्यांच्या पेटीत मांडून ठेवायला हाती काही लागेना.

"पाणी बंद. इथं हवेनं भोकं घ्यायची," साहेबांनी सांगितलं.

यात त्यांचं चुकलं नव्हतं. त्या खडकाला हवाच योग्य होती. पाण्याऐवजी कॉम्प्रेसरची दाबलेली हवा माझ्या नळीतून सुटली आणि खडक कोरडा, धड वर येऊ लागला. पण पाणी जी धूळ दाबून धरायचं, ती आता भोकाच्या तोंडातून फवाऱ्यासारखी उडू लागली. ती जागच्या जागी ओढून घ्यायला एक वेगळं यंत्र लागतं, जाड पाइप आणि कापडी गाळण्यांचं.

"मागवलंय. पंधरा दिवसांत येईल," साहेब म्हणाले.

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. एक डोंगर संपला की पुढचा कोरडा डोंगर. टोळीला कागदी मास्क मिळायचे. ते तासाभरात गच्च भरायचे. मग कानसेन तोंडावर ओलं फडकं बांधायचा. तेही दहा मिनिटांत वाळायचं.

"भाऊजी, फडक्यानं भागत नाही हो. ते यंत्र येईस्तोवर थांबू या," मेहुणा म्हणाला.

"थांबलो तर दुसरी टोळी आणतील. अरे, दगडावर जगणारी माणसं आपण. चिमूटभर धुळीनं काय होतंय?"

मेहुणा कामाला लागला. पंप बंदच होता. तो आता दगडाच्या पेट्या उचलायचा.

एकदा कानसेनची बायको डबा घेऊन वर आली. त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या बघून ती हसली. "कामावर होतात की पिठाच्या गिरणीत?" तिनं त्याचा सदरा काढायला लावला, झटकला, आणि झटकता झटकता स्वतःच खोकू लागली. मग ती हसली नाही. सदरा हातात धरून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली.

मित्रांनो, एक गोष्ट कबूल करते. तेव्हा मला गर्व झाला होता. हवेनं मी दुप्पट वेगानं चालायचे. मोठे साहेब आले, माझ्या धडावर थाप मारून म्हणाले, "गुणाची आहे हो!" मी फुशारले. माझ्याच तोंडून निघालेली धूळ कुणाच्या छातीत जातेय, हे मला दिसत होतं, आणि तरी मी फुशारले.

कोरड्या कामाच्या पाचव्या वर्षी कानसेनला खोकला जडला. सहाव्या वर्षी माझ्या फळीवर चढायच्या तीन पायऱ्यांत तो दोनदा थांबू लागला. सातव्या वर्षी एका सकाळी त्यानं नेहमीसारखी मान कलती केली, डोळे मिटले, पण त्याला माझा आवाज ऐकूच येईना. त्याच्याच श्वासाची घरघर कानात भरली होती. खाली खडक फुटका लागला होता. मी ओरडत होते, थरथरत होते. तो दाब देत राहिला आणि माझी नळी खाली अडकून पिळवटली.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. टोळी धावत आली. कानसेन खाली बसला आणि हळूच म्हणाला, "मला कळलंच नाही रे."

दुसऱ्याच दिवशी मेहुणा त्याला दवाखान्यात घेऊन गेला. परतला तो एकटाच. साहेब माझ्यापाशीच उभे होते.

"टीबी का?" त्यांनी विचारलं.

"नाही. दगडाची धूळ. छातीचा फोटो दाखवला डॉक्टरांनी. आत गेलेली निघत नाही म्हणाले."

"औषध?"

"खोकल्याचं दिलंय." मेहुणा एक पाऊल पुढे आला. "साहेब, पंधरा दिवस म्हणाला होतात. आणि मीही विचारायचं सोडून दिलं. बहिणीला आता काय तोंड दाखवू?"

साहेबांनी टोपी काढली. ती हातात फिरवत राहिले.

धूळ ओढायचं यंत्र आलं, ते त्यानंतर चार महिन्यांनी. एका दिवसात बसवून झालं. एवढंच काम होतं ते, एका दिवसाचं. माझा दांडा आता मेहुण्याच्या हातात आला.

कानसेन एकदाच आला, बायकोच्या खांद्याचा आधार घेत. इतका वाळला होता, की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. मेहुण्यानं मला चालू केलं. भोकाच्या तोंडाशी धुळीचा कणही उडाला नाही. कानसेन बघत राहिला.

"छान आहे की," तो म्हणाला. मग दम घेऊन, "आता दगड कसा स्वच्छ दिसतो."

बायकोनं तोंड फिरवलं. त्यानं माझ्या दांड्यावर हात ठेवला. त्या हातात जोर उरला नव्हता. पुढच्या महिन्यात तो गेला. वय पुरतं चव्वेचाळीसही नव्हतं.

त्यानंतर मी सहा वर्षं चालले. एक दिवस भर दुपारी धूळ ओढायचा पाइप फाटला. नवे साहेब आले होते, ते म्हणाले, "दोनच मीटर राहिलेत. उरकून घ्या."

मेहुण्यानं मला बंद केलं.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं. पण पाइप येईपर्यंत रिग चालणार नाही."

"मी दुसऱ्याला उभा करीन."

"करा. त्यालाही मी हेच सांगेन." आणि तो माझ्या फळीवर बसून राहिला. मग एकेक करून सगळी टोळी त्याच्या शेजारी येऊन बसली. साहेब पाय आपटत गेले. चार तासांनी नवा पाइप आला.

मित्रांनो, आयुष्यात मी हजारो मीटर खडक फोडला. पण ज्याचा मला अभिमान वाटतो, ते काम म्हणजे ते चार तास गप्प उभं राहणं. एवढं गप्प राहणं मला त्या सात वर्षांत जमायला हवं होतं. पण यंत्राला स्वतःहून थांबता येत नाही हो. कुणीतरी माणसानंच थांबवावं लागतं.

आता माझे सांधे गंजले. पावसात भिजते, उन्हात तडकते, त्याचं मला काही नाही. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं, शेजारचं कुणी दगड फोडत असेल, फरशी कापत असेल, भिंत घासत असेल, तर तिथं पाणी सुटतंय का, तोंडावर धड मास्क आहे का, एवढं जाऊन बघा. नसेल तर थांबवा. ती माणसं हसतील, "चिमूटभर धुळीनं काय होतंय?" म्हणतील.

तुम्ही हसू नका. त्यांचा हात धरा.