पहिला आमेन

या, जरा जवळ सरकून बसा. आयोवातल्या वॉटर्लू गावच्या व्हर्लीनची गोष्ट ऐका.

तिच्या चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रवचन देता देता गाऊ लागत. सूर चढला की खालून कुणीतरी ‘आमेन’ची साद घालावी लागते, नाहीतर गाणारा एकटा पडतो. ती पहिली साद व्हर्लीनची. मग सगळे उचलून धरत.

त्या हिवाळ्यात मॅरिबेथ ओस्टलंड नावाच्या बाईंना राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायची होती. चर्चमध्ये आल्या, बोलल्या आणि पदर खोचावा तशा बाह्या सारून भांडी पुसायला उभ्या राहिल्या. गावाला आवडल्या. पण टीव्हीवाले म्हणत, निधी नाही, येणार नाहीत निवडून. आणि येणार नाहीत म्हणून कुणी निधी देईना.

व्हर्लीनने तळलेल्या मासळीची ताटं विकून पैसे पाठवले. धाकटा भाऊ युलिसिस हसला.

“ताई, मासे तळून कुणी अध्यक्ष होतं का? मी त्या गव्हर्नरला दिले, तोही उभा आहे.”

“आवडतो तुला तो?”

“आवडायचंय काय त्यात? निवडून येईल. मला बाईच आवडतात गं, पण लोक मत देणार नाहीत.”

“कोण लोक?”

युलिसिसने टोपी नीट केली. “लोक म्हणजे... लोक.”

पक्षाचा उमेदवार ठरवायची सभा चर्चच्याच तळघरात भरली. तिथे मताची चिठ्ठी नसते. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उघड जाऊन उभं राहायचं. शंभरात पंधरा जमले नाहीत तर कोपरा मोडतो, तिथल्यांनी दुसरा कोपरा धरायचा नाहीतर घरी जायचं. बाईंच्या कोपऱ्यात व्हर्लीन आणि मूठभर माणसं. मोजणीत कमी पडली. आता कोपरा बदलायला थोडा वेळ होता.

“ए व्हर्लीन, ये गं इकडे!” गव्हर्नरच्या कोपऱ्यातून अर्नेस्टीन ओरडली. “हीटर आमच्याकडे आहे!”

“येते. आधी एक सांगा. कोण निवडून येईल ते सोडा. मनातून बाई कुणाला हव्यात? हात वर करा.”

कुणी हलेना. मग एक हात, मग दुसरा. बघता बघता अर्धं तळघर. माणसं एकमेकांच्या हातांकडे बघत राहिली.

“मग थांबलात कशाला? पहिला आमेन मी म्हटलाय की!”

युलिसिसने कोट उचलला. “सरक ताई, जागा दे.”

मागोमाग अर्नेस्टीन खुर्ची ओढत आली. “हीटर पण आणा रे कुणीतरी!”

आणखी काही आले. बाकीच्यांनी हात खाली घेतले आणि बुटांकडे बघितलं. दोन माणसं कमी पडली. कोपरा मोडला. व्हर्लीन दुसरीकडे न जाता घरी गेली. आठवड्याच्या आत पैसा संपून मॅरिबेथबाईंनी माघार घेतली.

रविवारी पाद्रीबाबांचा सूर चढला, थांबला. व्हर्लीन मात्र खाली बघत बसली, तिने साद घातली नाही. तेवढ्यात शेजारून एक बेसूर, भसाडा ‘आमेन’ उठला. युलिसिसचा. तिने चमकून पाहिलं, तर तो टोपीशी चाळा करत होता.

बाबांनो, इतर काय म्हणतील म्हणून पाय अडला, तर आमच्या व्हर्लीनची आठवण ठेवा.